लॉग आधी वाचव, मग वाच

प्रॉडक्शनच्या डेटाबेसची जबाबदारी तुझ्याकडे आली, म्हणजे आज ना उद्या तो फोन येणारच. "काल सभासदांचे मोबाइल नंबर दिसत होते, आज सगळे रकाने रिकामे आहेत. कुणी केलं हे?" पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, त्याच्यामागे त्याचे साहेब उभे असतात आणि सगळ्यांना फक्त एक नाव हवं असतं. त्या घडीला तू नावाच्या मागे लागू नकोस. माझ्या पहिल्या साहेबांनी मला सांगितलेलं तुला सांगते: लॉग आधी वाचव, मग वाच.

लॉग कायमचा नसतो. आपण बैठकीत चर्चा करत असतो, तेव्हा जुन्या फायली ठरल्या वेळी पुसल्या जात असतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉगची मुदत मुळात २५,९२,००० सेकंद, म्हणजे ३० दिवस असते. पण कुणीतरी डिस्क वाचवायला ती दोन दिवसांवर आणलेली असू शकते. ॲमेझॉनच्या आरडीएसवर तर मुदत आपण स्वतः ठरवून दिली नाही, तर काम संपताच बिनलॉगच्या फायली काढून टाकल्या जातात. एसक्यूएल सर्व्हर 'सिंपल' रिकव्हरी मॉडेलवर असेल, तर चेकपॉइंटनंतर लॉगमधली मोकळी झालेली जागा पुन्हा वापरली जाते आणि जुनं जातं. 'फुल'वर असेल, तर जुना इतिहास चालू लॉगपेक्षा लॉग-बॅकअपमध्ये सापडतो. म्हणून फोन ठेवल्याबरोबर पहिलं काम हे: साफसफाईचे जॉब थांबव, बॅकअप सांभाळणाऱ्यांना 'आजपासून काहीही पुसू नका' असं लेखी कळव, लागतील त्यापेक्षा चार फायली जास्तच दुसऱ्या मशिनवर उचलून ठेव आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश त्याच वेळी लिहून ठेव. पुढचं सगळं वाचन त्या प्रतींवर. चालत्या सर्व्हरवर वाचन करून आणखी ताण आणायचा नाही.

डिस्क भरली म्हणून लॉग उडवणारे लोक सगळीकडे असतात, त्यांच्यावर नजर ठेव. पोस्टग्रेसच्या लोकांनी तर यासाठी फोल्डरचं नावच बदललं. २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीपर्यंत त्याचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' दिसला की लोक साध्या नोंदींच्या फायली समजून ते रिकामं करत आणि अख्खा डेटाबेस गमावून बसत. तेव्हापासून ते 'पीजी_वॉल' झालं.

आता लॉग म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे त्याच्याकडून भलती अपेक्षा करणार नाहीस. आपल्याकडच्या पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी असायची. व्यवहार झाला त्या क्रमाने कीर्दीत, आणि मग त्या-त्या खात्यावर खतावणीत. टेबल म्हणजे खतावणी, आजची शिल्लक दाखवणारी. लॉग म्हणजे कीर्द. डेटाबेस टेबलाचं पान डिस्कवर लिहिण्याआधी लॉग लिहितो. मधेच वीज गेली, तर कमिट झालेलं पुन्हा करता यावं आणि अर्धवट राहिलेलं मागे घेता यावं, एवढ्यासाठीच. आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'एरीज' नावाने ही रीत तपशिलात मांडली. आजचे कितीतरी डेटाबेस त्याच वाटेने चालतात. (तो शोधनिबंध लांब आहे, पण एकदा सवडीने वाच. पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.) मायएसक्यूएलचा बिनलॉग मात्र वेगळा: तो रेप्लिकाला बदल पोचवण्यासाठी असतो, पडल्यावर उठायला इनोडीबीचा रीडू लॉग आहे. दोन्हींपैकी कुठलाही लॉग चौकशीसाठी बांधलेला नाही. काय बदललं आणि केव्हा, हे तो चांगलं सांगतो. कुणी आणि का, हे विचारलंस तर अर्धवट सांगतो किंवा गप्प बसतो.

'केव्हा' हेसुद्धा जपून घे. इथे मी चांगली माणसं चुकताना पाहिली आहेत. सर्व्हर क्लाउडवर असेल, तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. आपले सव्वाअकरा म्हणजे तिथले पावणेसहा. मायएसक्यूएलचं बिनलॉग वाचायचं साधन तर वेळ दाखवतं ती ते ज्या मशिनवर चालतंय तिथल्या टाइमझोनप्रमाणे. म्हणजे तू लॅपटॉपवर वाचलंस तर भारतीय वेळ, आणि तुझ्या सहकाऱ्याने सर्व्हरवर वाचलं तर यूटीसी. दोघांचे तक्ते साडेपाच तासांनी वेगळे, आणि दोघंही बरोबर. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर पहिल्या ओळीत टाइमझोन लिहायचा.

त्याहून अवघड गोष्ट कमिटची. समज, कुणीतरी क्लायंट टूलमध्ये ट्रँझॅक्शन उघडलं, अकरा दहाला अपडेट चालवलं, ते तसंच ठेवून जेवायला गेलं आणि बारा चाळीसला कमिट केलं. बिनलॉगमध्ये तो सगळा गठ्ठा बारा चाळीसला, कमिटच्या क्रमाने, उतरतो. पण आतल्या नोंदींवर शिक्का अकरा दहाचा असतो. आता तू त्या साधनाला 'अकरा ते साडेअकरा एवढंच दाखव' म्हणालीस, तर साडेअकराच्या पुढच्या पहिल्या नोंदीपाशीच ते थांबतं. गठ्ठा त्याच्या पुढे पडलेला आहे, तो तुला दिसतच नाही. तू अहवालात लिहितेस, 'या वेळेत संशयास्पद काही नाही.' म्हणून वेळेची चौकट नेहमी सैल ठेव, तक्रारीच्या दोन्ही बाजूंना काही तास. गठ्ठा सापडला, की मग वेळ सोडून दे आणि फाइलमधल्या पोझिशनने नेमका तुकडा काप.

आता तो तुकडा जवळून बघ. 'डीकोड-रोज' आणि 'व्हर्बोज' हे पर्याय देऊन वाचलास, की प्रत्येक बदललेल्या ओळीचे दोन भाग दिसतात. वर 'व्हेअर'खाली जुन्या किमती, खाली 'सेट'खाली नव्या. रकान्यांची नावं नसतात, नुसते क्रमांक: @१, @२, @३. वर @७ मध्ये दहा आकडी मोबाइल नंबर आणि खाली @७ मध्ये नल. बाकी सगळे रकाने जसेच्या तसे. दुसरी ओळ, तिसरी ओळ, सगळीकडे तेच. सातवा रकाना कुठला, हे आजच्या टेबलावरून ठरवू नकोस. त्या दिवशी टेबलाची रचना काय होती ते शोध. मधे कुणी अल्टर टेबल करून एक रकाना आत घुसवला असेल, तर सगळं एका घराने सरकलेलं असतं आणि तू मोबाइलऐवजी पिनकोडची चौकशी करत बसतेस.

यानंतर बदलाची ठेवण बघ. मला सर्वांत जास्त उत्तरं तिनेच दिली आहेत. हजारो ओळी एकाच ट्रँझॅक्शनमध्ये, सगळ्यांवर एकच सेकंद: बहुतेक कुणीतरी हाताने अपडेट चालवलं आणि 'व्हेअर' लिहायचं राहिलं. हजारो छोटी ट्रँझॅक्शन्स, एकामागोमाग एक, बिनचूक अंतराने: एखादा जॉब किंवा स्क्रिप्ट. एकेक ओळ, मधे कधी दोन मिनिटं, कधी दहा, आणि जेवणाच्या सुट्टीत पूर्ण शांतता: माणूस स्क्रीनसमोर बसून करतोय. रोज रात्री ठरावीक वेळी तेच होत असेल, तर माणसं सोड, आधी क्रॉनची यादी उघड. हे पुरावे नव्हेत, पण कुठे पाणी मुरतंय ते कळतं.

बाकीच्या डेटाबेसबद्दल थोडक्यात. ओरॅकलमध्ये ८आय आवृत्तीपासून लॉगमायनर आहे. तो केलेला बदल आणि तो उलटवणारं एसक्यूएल, दोन्ही शेजारी मांडून देतो. पण त्यासाठी सप्लिमेंटल लॉगिंग आधीपासून चालू हवं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एफएन_डीबीलॉग आहे, मायक्रोसॉफ्टने अधिकृत दस्तऐवजात न दिलेलं. तिथे ट्रँझॅक्शनच्या सुरुवातीच्या नोंदीतच वेळ आणि लॉगिन असतं, ओळींच्या नोंदींत नसतं. ट्रँझॅक्शन आयडीने दोन्ही जोडावं लागतं. बदलाच्या नोंदीत पुष्कळदा फक्त बदललेले बाइट असतात. त्यामुळे दुसऱ्या सर्व्हरवर त्या बदलाच्या एलएसएनच्या, म्हणजे लॉगमधल्या क्रमांकाच्या, अगदी आधीपर्यंत रिस्टोअर करून दोन्ही टेबलं ताडून पाहणं हाच खात्रीचा मार्ग. पोस्टग्रेसमध्येही पीजी_वॉलडम्पने नोंदींचा प्रकार आणि ब्लॉक कळतो, रकान्यातली किंमत सरळ वाचता येत नाही, तिथेही रिस्टोअरच.

आता लॉग कुठे गप्प बसतो ते. नुसतं सिलेक्ट केलेलं त्यात नसतं, म्हणून 'आमची यादी कुणी चोरून पाहिली' याचं उत्तर इथे शोधू नकोस. ट्रँकेट केलं, तर टेबल रिकामं केल्याची नोंद मिळते, गेलेल्या ओळी मिळत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये योग्य हक्क असलेला माणूस स्वतःच्या सेशनपुरता बिनलॉग बंद करू शकतो. आणि एक गोष्ट खास लक्षात ठेव: ८.० सारख्या आवृत्त्यांत फॉरेन की-च्या कॅस्केडने पोटटेबलातल्या ओळी गेल्या, तर ते काम इनोडीबी आतल्या आत करतं आणि बिनलॉगमध्ये त्या ओळींची नोंदच होत नाही. मूळ टेबलातली एक ओळ पुसल्याचं दिसतं, आणि पावत्यांच्या टेबलातून शंभर ओळी नाहीशा. अशा वेळी लोक कुणीतरी मुद्दाम लपवलं असं म्हणायला लागतात. तू आधी टेबलांची नाती तपास. उलटही होतं: एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये डिलीटच्या नोंदी दिसतात, पण ते ट्रँझॅक्शन पुढे रोलबॅक झालेलं असतं. कमिट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही.

हे सगळं इतकं ताणून सांगतेय, कारण शेवटी माणसाच्या नोकरीवर येतं. 'ध'चा 'मा' कुणी केला, हे सगळ्यांना लगेच हवं असतं. लॉगमध्ये एक लॉगिन दिसतं आणि ज्याच्या हाती ते लॉगिन, त्याच्यावर बोट रोखलं जातं. पण ॲप्लिकेशन कनेक्शन पूलमधून येतं. शंभर माणसं वापरतात आणि डेटाबेसला दिसतो एकच वापरकर्ता. बिनलॉगमध्ये तर बहुधा तेही नसतं, थ्रेड आयडी आणि सर्व्हर आयडी असतो. पोस्टग्रेसच्या वॉलमध्ये ट्रँझॅक्शनचा क्रमांक. त्या थ्रेडला ऑडिट लॉगशी जोड, ऑडिट लॉगला ॲप्लिकेशनच्या नोंदीशी, तिला व्हीपीएनच्या लॉगिनशी. साखळीतली एक कडी जरी मिळाली नाही, तरी अहवालात 'इथपर्यंत दिसतं, पुढे दिसत नाही' असं स्पष्ट लिही. कुणी कितीही दबाव आणला तरी नाव लिहू नकोस. पासवर्ड चारजणांत वाटलेला असताना त्यातल्या सर्वांत नव्या मुलावर खापर फुटलेलं मी पाहिलंय, आणि ते फार वाईट असतं.

कागदपत्रांचं थोडं. कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी एडिट लॉगची सोय लागते. ट्रँझॅक्शन लॉग म्हणजे ती सोय नव्हे. ऑडिटर विचारतील तेव्हा दोन्हींची गल्लत करू नकोस. प्रकरण कोर्टात गेलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश द्यावा लागतो. पहिल्या तासात लिहून ठेवलेला तो हॅश इथे कामी येतो. आणि डीकोड केलेला तुकडा व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नकोस. त्यात लोकांचे नंबर, पत्ते, शिल्लक सगळं उघडं असतं.

जुन्या किमती परत घालताना घाई करू नकोस. उलटं एसक्यूएल तयार केलं आणि चालवलं, असं करायचं नाही. सव्वाअकराला नंबर पुसला गेला, एक वाजता सभासदाने शाखेत येऊन नवा नंबर भरला, आणि तू चारला जुना परत घातलास, तर आज बरोबर असलेली ओळ तू बिघडवलीस. म्हणून प्रत्येक ओळीला अट घाल: सध्याची किंमत चुकीनंतरच्या किमतीएवढीच असेल, तरच बदल. ज्या ओळी या अटीत बसणार नाहीत, त्यांची वेगळी यादी काढ आणि शाखेला विचारून एकेक ठरव. आधी प्रतीवर चालवून बदललेल्या ओळींची संख्या लॉगमधल्या संख्येशी जुळवायची, मग प्रॉडक्शन.

आणि हे सगळं जमायला तयारी आधीची लागते. उद्या गेलीस की तीन गोष्टी बघ. बिनलॉगचा फॉरमॅट 'रो' आहे ना, आणि रो इमेज 'फुल' आहे ना. जागा वाचवायला कुणी 'मिनिमल' केली असेल, तर बदलाआधीच्या भागात नुसती की राहते, जुनी किंमत नसतेच. मुदत किती दिवसांची आहे, आणि तुमच्याकडे चूक लक्षात यायला किती दिवस लागतात. तिसरं, एखादी रेप्लिका तासभर मागे ठेवता येते का ते साहेबांना विचार. तशी असेल, तर फोन आल्याबरोबर सगळ्यांत आधी तिचं पुढे सरकणं थांबवायचं, कारण चुकीच्या आधीचं टेबल तिच्यात अजून तसंच असतं.