कोनाड्यातला कप

मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या आसपास मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. गेल्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या भिंतीवर कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचं प्रमाणपत्र, चौकटीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला, एका भारतीय बाईला, पायाला हात लावू दिला नाही. त्या घरात मी जे शिकले ते असं.

१. एकटं जाऊ नये. पहिल्या तीन खेपांना मी सहकाऱ्याला सोबत नेलं. आणि जो अशा घरी जायला नकार देईल, त्याला भित्रा म्हणू नये. अपमान गिळणं कुणाच्याही कामाचा भाग नाही.

२. वाचून जावं. फ्रेडरिकमधल्याच सिल्व्हर डॉलर लाउंजमध्ये १९८३ साली डॅरिल डेव्हिस हे कृष्णवर्णीय कलाकार पियानो वाजवत होते. रॉक अँड रोलचे गोरे पियानोवादक जेरी ली लुईस यांच्यासारखं वाजवणारा काळा माणूस पहिल्यांदाच ऐकला, असं एक गोरा श्रोता म्हणाला. जेरी ली हे कृष्णवर्णीय वादकांकडूनच शिकले, असं डेव्हिस यांनी त्याला सांगितलं. तो श्रोता क्लॅनचा निघाला. डेव्हिस यांनी क्लॅनविषयी बरंच वाचलेलं होतं; पुढे त्यांनी क्लॅनचा मेरीलँडमधला म्होरक्या रॉजर केली याला गाठलं. केलीसोबत बंदूकधारी रक्षक होता. बोलता बोलता खोलीत खडखड झाली आणि सगळेच दचकले. समोरच्यानंच काहीतरी केलं, असं दोन्ही बाजूंना वाटलं. बर्फ वितळून शीतपेयाचे डबे घसरले होते, एवढंच. बऱ्याच वर्षांनी केलीनं क्लॅन सोडली, आपला क्लॅनचा झगा डेव्हिस यांना दिला. सगळे त्या झग्याविषयी बोलतात. मला मात्र तो बर्फ आठवतो. आजोबांच्या दारात माझ्या पोटात गोळा यायचा तेव्हा वाटायचं, आतही कुणीतरी घाबरून बसलंय.

३. वाद घालण्याआधी विचारावं. “तुम्हाला क्लॅनमध्ये पहिल्यांदा कोण घेऊन गेलं?” “वडील,” ते म्हणाले. पुढचे कित्येक दिवस आम्ही त्यांच्या वडिलांविषयीच बोललो.

४. गप्पांनी कायदा बदलत नाही. डेव्हिस यांच्यावरच्या २०१६ च्या माहितीपटात क्लॅनवाल्यांशी मैत्री करण्यावरून कृष्णवर्णीय कार्यकर्ते त्यांना तोंडावर सुनावतात. त्यांचा राग मला रास्त वाटतो. आजोबांचं प्रमाणपत्र अजून भिंतीवरच आहे.

५. उलटा प्रश्न येणारच. एप्रिलमध्ये, माझ्या हातात त्यांचा गुडघा असताना आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडेही काही लोकांना शिवत नाहीत ना?” सांगलीजवळच्या आमच्या घरी मागच्या पडवीत, कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. शेतावर येणाऱ्या दलित बाईंसाठी. आजी त्यात वरून चहा ओतायची. मी रोज बघायचे. कधी काही विचारलं नाही. हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या रात्री आईला फोन करून त्या बाईंचं नाव विचारलं. तिला आठवेना. गावात विचारून कळवते म्हणाली.