खड्डा बुजला, वाद उरला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका पुलाच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. काम जोरात चालू आहे, बिलंही निघतात. तरी त्याचे मोठे साहेब परवा म्हणाले, "हे काम लवादात जाणार, लिहून ठेव." अजून पुलाचे सगळे खांबसुद्धा उभे नाहीत. मग त्यांना इतक्या आधी कळलं कसं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : साहेबांनी बहुधा फाइल चाळली असावी. साइटवर फिरून हे कळत नाही. तिथं मिक्सर फिरत असतो, ठेकेदाराचा सुपरवायझर आणि खात्याचा शाखा अभियंता एकाच बाकावर बसून वडापाव खात असतात. भांडणाचं नाव कुणी काढत नाही.

पुलाचं काम आहे, तेव्हा पायाच्या खड्ड्यापासून बघू. आपल्याकडे जमिनीचा नेम नसतो. तापीकाठी गाळ खणत गेलं तरी संपत नाही आणि जरा डोंगराकडे सरकलं, की दोन हातांवर काळा कातळ लागतो. म्हणून अंदाजपत्रकात खोदाई थराथरांनी मांडलेली असते : माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. दर प्रत्येकाचा वेगळा, सगळ्यात चढा कठीण खडकाचा. कुठला थर किती, हा आकडा मात्र चार-दोन बोअर मारून बांधलेला अंदाज असतो.

खोदताना मुरमाच्या जागी खडक लागला, की एकाच खड्ड्यात दोन माणसांना दोन थर दिसू लागतात. ठेकेदार म्हणतो, ब्रेकर लावावा लागला, म्हणजे कठीण खडक. शाखा अभियंता म्हणतो, पोकलेनच्या बकेटनं निघत होता, तुम्ही हौसेनं ब्रेकर आणलात. दोघंही अगदी खोटं बोलत नसतात, कारण मऊ खडक कुठं संपतो आणि कठीण कुठं सुरू होतो, ती रेघ निसर्गानं आखलेली नाही. थोड्याच दिवसांत पायाचं काँक्रीट पडतं, खड्डा बुजतो आणि ज्यावरून भांडायचं ती वस्तूच नाहीशी होते. मागं उरतं ते मोजमाप पुस्तक, म्हणजे एम. बी. दोघांनी एकत्र उभं राहून लेव्हल घेतल्या नसतील, थराची संयुक्त नोंद नसेल, तर जाणकार माणूस तिथंच मान हलवतो. एम. बी.त ठेकेदाराच्या सहीखाली 'अंडर प्रोटेस्ट' हे दोन शब्द दिसले, तर मग विचारायलाच नको.

कधीकधी तर याचा माग थेट निविदेपर्यंत जातो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-1 निविदेत ठेकेदार सगळ्या कामाला मिळून टक्केवारी भरतो, बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहितो. आता बी-2 मध्ये कठीण खडक नावापुरताच दाखवलेला आहे आणि एका ठेकेदारानं नेमका त्याचाच दर अवाच्या सवा भरलाय, बाकी सगळं स्वस्त. तो माणूस वेडा नाही. तो शेजारच्या शेतातल्या विहिरीत डोकावून आलाय. खात्यातल्या कुणी त्या विहिरीत डोकावलं होतं का, हा खरा प्रश्न.

पत्रांतूनही कळतं. आधी व्हॉट्सॲपवर "सर, ड्रॉइंग पाठवा ना" असतं. मग एक दिवस जावक क्रमांकाचं पत्र येतं, त्यात करारातल्या कलमाचा आकडा असतो आणि प्रत थेट अधीक्षक अभियंत्यांना गेलेली असते. शेवटी 'आमचे सर्व हक्क राखून'. साइट इंजिनिअर असं मराठी लिहीत नाही. मसुदा वकिलाकडून आलेला आहे.

या शब्दांना वजन आहे, नुसता रुबाब नव्हे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 55 सांगतं, की करारात मुदत महत्त्वाची असेल आणि ती टळल्यावरही तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर स्वीकारतानाच भरपाईची सूचना द्यायला हवी. गप्प राहिलात तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. म्हणून मुदतवाढीचं पत्र नीट वाचावं. 'मुदतवाढ देण्यात येत आहे' आणि 'दंड आकारण्याचा हक्क राखून मुदतवाढ देण्यात येत आहे' ही दोन वेगळी पत्रं आहेत.

अडथळ्यांची नोंदवही, म्हणजे हिंड्रन्स रजिस्टर, हा माझा आवडता दस्तऐवज. जागा ताब्यात नाही, विजेचा खांब हलला नाही, झाडतोडीची परवानगी आली नाही, हे त्यात त्या त्या दिवशी लिहायचं आणि दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. मी पाहिलेल्या एका वहीत जून ते जानेवारीच्या नोंदी एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणात, एका बैठकीत उतरलेल्या होत्या. पावसाळ्यातल्या पानावर चिखलाचा एक ठिपका नाही! मुकादम टोळी दुसऱ्या साइटवर हलवतो, खडीवाला उधारी बंद करतो, जादा बाबींचा दर बिलामागून बिल 'मंजुरीस्तव' राहतो, ही लक्षणंही खरीच. पण ती दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

तरीही कडक पत्रांना मी फार भीत नाही. दावा करणं हा गुन्हा नव्हे. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या करारात ठेकेदारानं 28 दिवसांत दाव्याची सूचना द्यावी असं कलमच आहे, म्हणजे खडक ताजा असतानाच बोलणं व्हावं. ठरावीक मुदत उलटली की हक्कच संपेल अशी अट आपल्याकडे 1997 पासून करार कायद्याच्या कलम 28 खाली शून्य ठरते, आणि सूचनेची मुदत त्यात बसते का यावर वकील हिरिरीनं भांडतात. पण कायद्यानं दार उघडं ठेवलं, तरी बुजलेला खड्डा कोण उघडणार?

मला धास्ती वाटते ती एका गोड वाक्याची : "राहू द्या हो, फायनल बिलात बघू." हे ऐकून ठेकेदार जादा काम करून टाकतो, अभियंता बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि नवे साहेब म्हणतात, लेखी दाखवा. तुमच्या भावाच्या साहेबांच्या कानावर बहुतेक हेच वाक्य पडलं असणार.

त्यात आता लवादाचा रस्ताही पूर्वीइतका मोकळा नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालायचं नाही. ते साधारणपणे 10 कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतं ठेवायचं. भावाचं काम केंद्राच्या खात्याचं असेल, तर 'लवादात जाणार' हे भाकीत खरं ठरायला आधी करारात तसं कलम आहे का, ते पाहावं लागेल.

भावाला फोन कराल तेव्हा एवढं विचारा : पहिल्या खांबाच्या खड्ड्याचे तारखेसह फोटो आहेत का, आणि त्यात लेव्हल घ्यायची मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, उभी धरलेली दिसते का? नसतील, तर पुढचा खड्डा अजून खोदायचाय.