मुलांसोबत घरचे फळांचे मफिन : खर्च किती, खरेदी कशी?

सुट्टी लागली की मुलांचा ‘घरी केक करू या’ हा हट्ट सुरू होतो आणि मोठ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो ओव्हनचा. उत्तर आधीच सांगते : ओव्हनची घाई नको. बारा मफिनचं साहित्य इंधनासह शंभर रुपयांच्या आत बसतं आणि घरातली जाड बुडाची कढई भट्टीचं काम उत्तम करते.

बारा मफिनचा हिशेब
(भाव किरकोळ बाजारातले, ढोबळ, आपल्या पावतीप्रमाणे बदलून घ्या.)

- कणीक २०० ग्रॅम : ९ रुपये
- साखर किंवा किसलेला गूळ १०० ग्रॅम : ६ रुपये
- तेल ७५ मिली : ११ रुपये
- दही १५० ग्रॅम : १५ रुपये
- पिकलेली केळी २ : १० रुपये
- हंगामी फळ १५० ग्रॅम : २० रुपये
- बेकिंग पावडर दीड चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा : ४ रुपये
- कागदी वाट्या १२ : १० रुपये
- गॅस किंवा वीज : १० रुपये

एकूण ९५ रुपये, म्हणजे एक मफिन साधारण ८ रुपयांना. कागदी वाट्यांऐवजी तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या वाट्या वापरल्या तर १० रुपये आणखी वाचतात.

फळ कोणतं, कधी?
या हिशेबात खरा फरक पाडतं ते फळ, आणि त्या बाबतीत आपलं छत्रपती संभाजीनगर भाग्यवान आहे. उन्हाळ्यात मराठवाड्याचा केसर आंबा घ्या. आमरस घालणार असाल तर दही निम्मं करा. थंडीत पेरू घ्या, पण बियांचा भाग काढून टाका. जालन्याच्या मोसंबीच्या फोडी घालू नका, पाणी सुटतं. सालीचा वरवरचा कीस आणि थोडा रस पुरे. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, म्हणून तो मफिन गार झाल्यावर वरून लावा. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. केळी मात्र बारमाही. सालीवर डाग पडलेली केळी स्वस्त मिळतात आणि गोडही असतात.

जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार किंवा औरंगपुऱ्याची भाजी मंडई इथे मुलांना सोबत न्या. भाव विचारणं आणि वजनकाट्यावर लक्ष ठेवणं त्यांनाच करू द्या.

कढई की ओव्हन?
कढईत मिठाचा थर पसरा, वर रिंग ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. एका वेळी पाच-सहा वाट्याच बसतात, म्हणून ओलं आणि कोरडं मिश्रण निम्मं-निम्मं वेगळं ठेवा आणि दुसरा घाणा लावायच्या वेळीच एकत्र करा. आधीच कालवून ठेवलं तर सोड्याचा जोर निघून जातो.

ओटीजी ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं पुरतात. १५०० वॅटच्या ओव्हनला एका वेळी पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. समजा ओव्हन ४५०० रुपयांचा आणि बेकरीतलं मफिन २५ रुपयांचं. बारा मफिनमागे सुमारे २०० रुपये वाचतात. म्हणजे ओव्हनची किंमत वसूल व्हायला २२-२३ खेपा हव्यात. महिन्यातून दोनदा केलं तरी जवळजवळ वर्ष. आधी चार-सहा महिने कढईवर करून बघा. हौस टिकली तरच ओव्हन घ्या.

कामाची वाटणी
तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी केळी कुस्करावी, कागद लावावेत. सहा ते नऊच्या मुलांनी मोजमाप आणि चाळणं करावं. दहाच्या पुढच्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली फळं कापावीत आणि ९५ भागिले १२ हा हिशेबही वहीत मांडावा. गॅस, ओव्हन आणि गरम भांडी फक्त मोठ्यांकडे. कच्चं पीठ चाटू देऊ नका, आणि लहानग्यांसाठी सुकामेवा बारीक कुटूनच घाला.

खरेदी करताना
बेकिंग पावडरचा छोटा डबा घ्या. उघडल्यावर तिचा जोर हळूहळू कमी होतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकल्यावर फसफसली नाही तर ती वापरू नका. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, मुदत आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा. सुट्टं साहित्य घेताना तारीख विचारा, पावती मागा. एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पाकीट वाचायची सवय मुलांना याच निमित्ताने लावा. पुढे प्रत्येक खरेदीत ती त्यांच्या उपयोगी पडेल.