खुब्याचे हाड मोडल्यास : शस्त्रक्रियेपूर्वी पायाची काळजी



वार्षिक अहवालात एखाद्या आजारासंबंधी माहितीपर लेख देण्याची आपली प्रथा आहे. यंदाचा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ अस्थिरोग विभागास लोखंडी चौकटी, कप्प्या व वजने दिली होती. त्या कुटुंबातील एक गृहस्थ अहवाल वर्षात रुग्णालयात आले असता त्यांना हे साहित्य वृद्ध रुग्णांच्या पलंगांना लावलेले दिसले नाही. त्यांनी विचारले, "आमची वजनं कुठं गेली, साहेब?" प्रश्न रास्त होता. दात्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे वैद्यकाचा भाग आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन येथे मांडीत आहोत.

दुखापतीचे स्वरूप

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अशा रुग्णांत वृद्धांचा, विशेषतः वृद्ध स्त्रियांचा भरणा अधिक असतो. न्हाणीत पाय घसरणे, रात्री उंबऱ्याला अडखळणे, एवढे निमित्त पुरते. कारण वयोमानाने हाडे ठिसूळ झालेली असतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, त्याखालची मान आणि मानेखालचा रुंद भाग यांपैकी मान किंवा हा रुंद भाग मोडतो. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूस कलते आणि रुग्णास टाच उचलता येत नाही.

वजन लावण्याची पद्धत

मोडलेल्या हाडाभोवतीचे स्नायू आकसून हाड वर ओढतात. त्याविरुद्ध पायाला पट्टी बांधून, दोरी कप्पीवरून सोडून वजन लटकवावे, म्हणजे हाड जागेवर राहील व वेदना कमी होतील, असा या पद्धतीमागील विचार होता. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक गर्डन बक यांनी १८६१ मध्ये ही रीत वर्णिली. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोखंडी आधारामुळे पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. परंतु ते तरुण सैनिक होते आणि त्यांचे हाड मांडीच्या मध्यभागी मोडलेले होते. ऐंशी वर्षांच्या आजीच्या खुब्याला तोच न्याय लावता येत नाही.

या प्रश्नावरील ११ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १६५४ रुग्णांचा समावेश होता. खुब्याचे हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी वजन लावल्याने वेदना कमी होतात किंवा शस्त्रक्रिया सुलभ होते, असा पुरावा त्यात आढळला नाही. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट वजन लावण्यास पाठिंबा दिला नाही. यामागे शरीररचनेचेही कारण आहे. खुब्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते. मान मोडल्यावर त्यात रक्त साठते. गुडघा व खुबा किंचित दुमडलेले आणि पाय थोडा बाहेर कललेला असता या पिशवीत अधिक जागा राहते व ताण कमी होतो. पाय सरळ ओढून धरल्यास हा ताण वाढू शकतो.

आमच्या चुकीचा जमाखर्च

वजनाचा खर्च मात्र निश्चित असतो. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ असते. पट्टीखाली फोड येतात, टाचेवर दाबव्रण होतो आणि गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या नसेवर दाब आल्यास पाऊल लुळे पडू शकते. मुखेड तालुक्यातील एका आजींच्या टाचेवर आमच्याच रुग्णालयात व्रण झाला व त्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. पट्टी सोडून टाच रोज पाहावयास हवी होती. ती पाहिली गेली नाही, हे आम्ही येथे प्रांजळपणे नोंदवितो.

याहून मोठा तोटा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. लटकलेले वजन पाहून घरच्यांना वाटे, इलाज सुरू झाला. मग पुण्याहून मुलगा येईपर्यंत, पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत किंवा अमावास्या टळेपर्यंत थांबण्यास कोणाची हरकत नसे. शस्त्रक्रियागृहाचा दिवस मिळेपर्यंत आम्हांसही ते सोयीचे होते. परंतु खाटेवर पडून काढलेला प्रत्येक दिवस वृद्ध देहास महाग पडतो. फुप्फुसात कफ साठतो, पाठीवर व्रण होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, मन भ्रमिष्ट होते. वजनाने वेळ सुसह्य केल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात वेळच रुग्णाच्या विरोधात जात होता.

आता काय करतो

रुग्ण दाखल होताच वेदनाशामक औषध दिले जाते आणि शक्य तेथे भूलतज्ज्ञ जांघेजवळ इंजेक्शन देऊन नस बधिर करतात. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवून टाच अधांतरी राहील असे पाहिले जाते. प्रकृती अनुकूल असल्यास २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी, हा आमचा प्रयत्न असतो. काही निवडक रुग्णांस तज्ज्ञ आजही वजन लावतात. ते हलके असते आणि त्वचेची, बोटांच्या हालचालीची व उष्णतेची तपासणी परिचारिका प्रत्येक पाळीत करून नोंदवितात.

आप्तेष्टांस विनंती

१. पडलेल्या वृद्धास ओढून उभे करू नये. तेल चोळणे, पाय खेचणे किंवा हाडवैद्याकडून तो बसविणे टाळावे.

२. पाय ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत दोन्ही पायांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवावी आणि दुखरा पाय चांगल्या पायाशी रुंद कापडाने सैलसर बांधावा. गाठ मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नये.

३. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. किनवटसारख्या दूरच्या भागातून येताना हे विशेष महत्त्वाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपानंतर, हाड मोडलेल्या माणसास हलविणे म्हणजे काय असते, हे या भागाने अनुभवले आहे.

४. पैशाअभावी घरी थांबू नये. २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राज्याची जीवनदायी योजना आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत आणावे. आपला रुग्ण व उपचार तीत बसतात का, हे रुग्णालयातच विचारावे.

देणगीचा हिशेब

त्या गृहस्थांस आम्ही भांडारात नेले. काही चौकटी अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या तरुण रुग्णांसाठी आजही वापरात आहेत. उरलेल्या त्यांच्या वडिलांच्या नावाच्या पाटीसह जपून ठेवल्या आहेत. हे सारे त्यांना सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आता कशाची गरज आहे, ते सांगा."

तेच उत्तर आपणा सर्वांसही देतो. दाबव्रण टाळणाऱ्या हवेच्या गाद्या आणि नस बधिर करताना सुईची जागा दाखविणारे सोनोग्राफी यंत्र यांची आज निकड आहे. दिलेली वस्तू वापरात नाही, हे दात्यास सांगणे अवघड असते. परंतु ती वापरल्याने रुग्णाचे हित होत नसेल, तर न वापरणे हाच दात्याच्या हेतूचा मान आहे, असे आम्ही मानतो.

— प्रशासन विभाग