मजकूर चिकटविताना घ्यावयाची दक्षता

स्मरणिकेसाठी अनेकांचे लेख एकत्र करताना 'कंट्रोल-व्ही'ने चिकटविलेल्या मजकुरासोबत मूळ ठिकाणचा फाँट, आकार व रंगही येऊ शकतात. हे टाळण्यासाठी वर्डमध्ये 'कंट्रोल-ऑल्ट-व्ही' दाबून 'अनफॉर्मॅटेड युनिकोड टेक्स्ट' निवडावे. केवळ शब्द उतरतात. ठळक व तिरपी अक्षरेही साधी होतात. ती मूळ प्रतीशी ताडून पुन्हा करावीत.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटबाबत मात्र विशेष सावध असावे. त्यातील मराठी अक्षरांमागे रोमन अक्षरांचे संकेत असतात. फाँट सुटताच निरर्थक रोमन अक्षरे उरतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून मगच चिकटवावा. मांडणी आपल्या हाती असली, तरी शब्द लेखकाचे असतात. त्यांत फरक पडू देऊ नये.