मुक्कामाची जागा : लखनौ

‘हे घर आहे की धर्मशाळा?’ वेळी-अवेळी ये-जा करणाऱ्या मुलांना घरातील वडीलधारी माणसे असे विचारतात. ‘घराची धर्मशाळा करणे’ हा वाक्प्रचारही आपल्या परिचयाचा आहे. मराठीने या शब्दाला थोडा कमीपणाच दिला, असे म्हणावे लागेल. परंतु ज्याचे परगावी कोणी नातलग नाही आणि हॉटेलाचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याला धर्मशाळेचे मोल विचारले तर उत्तर वेगळे मिळेल. प्रस्तुत पाठात आपण लखनौ शहराच्या निमित्ताने अशा स्वस्त निवासांचा विचार करणार आहोत.

लखनौच्या अमीनाबाद भागातील छेदीलाल धर्मशाळेचे नाव भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आले आहे. ऑगस्ट १९२५ मध्ये रामप्रसाद बिस्मिल यांचे काही क्रांतिकारक सहकारी तेथे उतरले होते. त्यांतील बरेच जण शाहजहानपूर, बनारस अशा बाहेरगावांहून आलेले होते. एखाद्या ओळखीच्या घरी इतके तरुण एकदम उतरले असते, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत चर्चा झाली असती. धर्मशाळेत मात्र अनोळखी चेहरा ही रोजचीच गोष्ट. तेथे रोज नवे उतारू येतात आणि जुने निघून जातात. कोण कोठला, याचे कुणाला नवल वाटत नाही. ९ ऑगस्ट १९२५ रोजी या तरुणांनी काकोरी स्थानकाजवळ आगगाडी थांबवून सरकारी खजिना ताब्यात घेतला. या घटनेत अहमद अली नावाचा एक प्रवासी गोळी लागून मृत्युमुखी पडला, हेही विसरता येत नाही. पोलिसांना घटनास्थळी एक चादर सापडली. तिच्यावर धोब्याची खूण होती आणि त्या खुणेवरून तपास शाहजहानपूरपर्यंत पोहोचला. पुढे खटला चालून डिसेंबर १९२७ मध्ये चौघांना फाशी देण्यात आली. तेव्हाचा प्रवासी अंथरूण-पांघरूण वळकटीत बांधून स्वतःबरोबरच नेत असे. ओळखपत्र नसलेल्या त्या काळात एका चादरीनेच माणसाचे गाव सांगितले!

प्रवाशाविषयी राज्यकर्त्यांना वाटणारा संशय याहून जुना आहे. इंग्रज सरकारने १८६७ मध्ये सराईंसाठी स्वतंत्र कायदा केला. सराईची नोंदणी करणे, ती स्वच्छ ठेवणे आणि अधिकाऱ्याने मागणी केल्यास उतरलेल्या लोकांची माहिती देणे, ही जबाबदारी त्याने सराई चालवणाऱ्यावर टाकली. आज लॉजच्या काउंटरवर आपल्यासमोर जी नोंदवही सरकवली जाते, तिचे मूळ असे दूरवर जाते.

येथे भाषेची एक गंमत पाहा. ‘सराई’ म्हणजे प्रवाशांच्या उतरण्याची जागा. उत्तर भारतात अनेक गावांच्या व मोहल्ल्यांच्या नावांत हा शब्द आहे. मोगलसराई हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. (त्या स्थानकाचे नाव २०१८ मध्ये बदलले.) मराठीत मात्र ‘लग्नसराई’ या शब्दात सराई म्हणजे हंगाम! ‘मुक्काम’ हा शब्दही मुळात अरबी. तो आपण इतका आपलासा केला की, पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहिताना आपण स्वतःच्याच गावाला मुक्काम म्हणत असतो.

महाराष्ट्रातून लखनौला जाणाऱ्यांना पुष्पक एक्सप्रेस चांगली ठाऊक आहे. कोणी नोकरीच्या परीक्षेसाठी जातो, तर कोणी व्यापारासाठी. कोणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये सुरू झालेल्या संगीत विद्यालयात शिकण्यासाठी जातो. ते विद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. अशा प्रवाशाला चारबाग स्थानकाबाहेर पडताच रिक्षावाले घेरतात आणि ‘सस्ता कमरा’ दाखवण्याचे आश्वासन देतात. दाखवणाऱ्याचे दलाली-कमिशन भाड्यातूनच वसूल होते, हे ध्यानात ठेवावे. रेल्वेच्या विश्रांतिगृहात खोली किंवा सामाईक शयनगृहातील खाट मिळू शकते. त्यासाठी निश्चित झालेले तिकीट लागते आणि आगाऊ नोंदणी केलेली बरी. नाका हिंडोला आणि अमीनाबाद या भागांत साध्या लॉजची दाटी आहे.

खोली ठरवण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहावी. दाराची कडी आतून नीट लागते का, नळाला पाणी आहे का, हे पाहण्यात संकोच कसला? ‘चोवीस तास’ आणि ‘दुपारी बारापर्यंत’ या दोन हिशेबांत फार अंतर असते. रात्री अकराला खोली घेणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीत तेरा तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे द्यावे लागते. म्हणून हे आधीच विचारावे आणि पैसे दिल्यावर पावती घ्यावी. ओळखपत्राची प्रत मागितल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे आधारपत्र देता येते.

स्वस्ताईच्या नादात एक गोष्ट मात्र सोडू नये. १९ जून २०१८ रोजी चारबागजवळच्या दोन लगतच्या हॉटेलांना आग लागली आणि त्यात किमान पाच माणसे दगावली. ५ सप्टेंबर २०२२ रोजी हजरतगंज या प्रतिष्ठित भागातील हॉटेलात आग लागून चौघांचा मृत्यू झाला. म्हणजे भाडे जास्त दिले की जीव सुरक्षित झाला, असे नव्हे. खोलीत सामान ठेवताच जिना कोठे आहे, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, खिडकीला पक्के गज आहेत का, हे स्वतः चालत जाऊन पाहावे. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ज्यांना लॉजही परवडत नाही, अशांचे काय? मोठ्या रुग्णालयांत बाहेरगावचे रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाची रात्र अनेकदा व्हरांड्यात जाते. अशांसाठी आणि बेघरांसाठी शासन रात्रनिवारे चालवते. हिंदीत त्याला ‘रैनबसेरा’ असा सुंदर शब्द आहे. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवाऱ्याची तरतूद असावी, असा निकष ठेवला होता. आपल्या शहराची लोकसंख्या घेऊन हा हिशेब करून पाहा.

स्वाध्याय

१. क्रांतिकारकांना घरापेक्षा धर्मशाळा सोयीची का वाटली असेल? चार-पाच वाक्यांत लिहा.

२. उतारूची नोंद ठेवणे आवश्यक आहे; पण ज्याच्याजवळ कोणतेही ओळखपत्र नाही, त्याने रात्र कोठे काढावी? आपले मत सकारण मांडा.

३. आपल्या तालुक्याच्या गावी परगावचा माणूस कमी खर्चात कोठे उतरू शकतो? प्रत्यक्ष चौकशी करा आणि लखनौहून येणाऱ्या एखाद्या पाहुण्यास ती माहिती पत्राने कळवा.