लाईट जास्त आल्यावर टीव्ही का बंद पडतो?



आपल्या घरात जी वीज येते तिचा दाब २३० व्होल्ट असतो. खांबावर मात्र चार मुख्य तारा असतात. तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट असतात. विहिरीवरच्या मोठ्या मोटारीला तीन फेज लागतात. टीव्हीला ४०० व्होल्ट दिले तर तो मरतो.

आता न्यूट्रलची तार तुटली तर काय होते? दोन फेजवरची घरे एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. ज्या बाजूला कमी वस्तू चालू असतात तिकडे दाब वाढतो आणि जिकडे जास्त चालू असतात तिकडे कमी होतो. मला हे आधी उलटे वाटत होते, पण गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून समजावले.

यंदा वळवाच्या पावसात आमच्या आळीत असेच झाले. आमच्या गोठ्यात अजून तारेचा पिवळा बल्ब आहे. तो एकदम पांढराफटक झाला. समोरच्या काकूंकडे मात्र पंखा फिरेना. आमच्या टीव्हीतून फट् असा आवाज आला आणि चित्र गेले. बाबांनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून फ्रीज वाचला. आमच्या बाजूच्या चार घरांतले टीव्ही बंद पडले. नव्या टीव्हीसाठी एक शेळी विकावी लागेल, असे बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायरमन काका आले. आमच्याकडे जास्त आणि समोर कमी, एवढे ऐकूनच ते म्हणाले, "न्यूट्रल गेलाय." खांबावर जोड खरेच सुटला होता. तो जोडून त्यांनी आमच्या घरात मीटर लावून दाब मोजला. हे आधी करावे लागते. नाहीतर दुरुस्त केलेला टीव्ही लावला की पुन्हा फट्!

मग टीव्ही बाहेरूनच तपासायचा. दादाने त्याच बोर्डावर टेबलाचा दिवा लावला, तो लागला. म्हणजे बोर्ड चांगला. नंतर टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यातला लाल दिवा बघितला. तो लागत असेल तर टीव्हीला वीज मिळते आहे असे समजावे. मग रिमोटचे सेल आणि सेट टॉप बॉक्स बघावा. आमच्या आळीतल्या दोन घरी लाल दिवा लागत होता. त्यांचे टीव्ही मेलेलेच नव्हते! फक्त सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर जळला होता. ते लोक टीव्ही तालुक्याला न्यायला टेम्पो बघत होते.

आमचा लाल दिवा लागत नव्हता. म्हणून मी आणि बाबा टीव्ही घेऊन दुकानात गेलो. दुकानवाल्या काकांनी मागचे झाकण उघडले, पण लगेच हात घातला नाही. आत डब्यासारखा एक मोठा कपॅसिटर असतो. त्यात ३०० पेक्षा जास्त व्होल्ट साठतात आणि प्लग काढला तरी ते काही वेळ आतच राहतात. काकांनी ते आधी उतरवले. मोठ्या मुलांनीसुद्धा घरी झाकण उघडायचे नाही ते यासाठी. जुन्या डबा टीव्हीच्या काचेला तर २० हजार व्होल्टच्या वर असायचे.

काचेचा फ्यूज आतून काळा झाला होता. आतली तार नुसती वितळली तर काच स्वच्छ राहते. काळी झाली म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट झाले आहे. शेजारी निळ्या बटणासारखी एक वस्तू फुटली होती. तिला एमओव्ही म्हणतात. एरवी ती वीज जाऊ देत नाही. दाब फार वाढला की मात्र सगळी वीज स्वतःतून जाऊ देते. मग फ्यूज उडतो आणि पुढचा भाग वाचतो. बिचारी स्वतः जाते!

काकांनी दोन्ही वस्तू बदलल्या. मग टीव्ही थेट न लावता मध्ये एक तारेचा बल्ब जोडला. बल्ब पूर्ण पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. बल्ब भक्कन पेटला, माझ्या पोटात गोळा आला, आणि लगेच तो मंद झाला. टीव्हीचा लाल दिवा लागला. सगळे मिळून ३५० रुपये झाले.

बाबांनी विचारले, "स्पाईक गार्ड घेऊ का?" काका म्हणाले, "त्याच्यातही हेच बटण असतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा झटका ते झेलतं. न्यूट्रल गेल्यावर दाब तसाच राहतो, तिथं त्याचं काही चालत नाही." म्हणून बल्ब जास्त पेटला की आमच्याकडे आता जो जवळ असेल तो मेन स्विच पाडतो. आजीलाही कोणता ते दाखवले आहे.

चौथा टीव्ही अजून दुकानातच आहे. त्याचा फ्यूज मागे एकदा उडाला होता, तेव्हा कोणीतरी त्या जागी तांब्याची जाड तार लावली होती. ती तार काही वितळली नाही. खालचा बोर्डच भाकरीसारखा करपला.